बाळाच्या फिश रिपोर्टमध्ये ट्रायसोमी २१ आली आहे. कॅरिओटाइप तरीही करायची का? आणि मामालाही तपासणी लागते का?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला देवासला मुलगा झाला, बाळ आता तीन आठवड्यांचं आहे. डोळ्यांची ठेवण, एका तळहातावर एकच आडवी रेघ आणि अंग फार सैल, हे बघून तिथल्या डॉक्टरांनी रक्त इंदूरला पाठवून फिश तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये २१ नंबरच्या गुणसूत्राचे तीन सिग्नल आहेत, म्हणजे डाऊन सिंड्रोम.

बहीण २७ वर्षांची. पहिलंच बाळंतपण. लग्न नात्यात नाही. आमच्याकडे किंवा तिच्या सासरी असं मूल कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही. हे चाळिशीच्या आईच्या मुलांना होतं असंच आजवर ऐकलं होतं, मग इथे कसं? तिच्या सासूबाई म्हणतात की गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही. बहीण तेच मनाला लावून बसली आहे आणि तिला पटेल असं उत्तर मला देता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, कॅरिओटाइपही, म्हणजे सगळी गुणसूत्रं बघायची तपासणी, करून घ्या. सासरकडचे म्हणतात, निदान झालंच आहे, पुन्हा बाळाचं रक्त कशाला काढायचं? माझं लग्न गेल्या वर्षी झालं, आम्हीही मुलाचा विचार करतोय. मला किंवा बायकोला काही तपासून घ्यावं लागेल का? आणि बाळाचं आत्ता लगेच काय काय करायला हवं? छातीत आवाज ऐकू येत नाही म्हणून हृदयाची तपासणी नंतर करू असं सांगितलं आहे.


पाताळपाणी

गुणसूत्रांच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून आधी कॅरिओटाइपबद्दल.

करून घ्याच. तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त तीच तपासणी देते. फिशमध्ये २१ नंबरच्या एका ठरावीक जागेवर चिकटणारा रंगीत प्रोब पेशीच्या केंद्रकात सोडतात आणि ठिपके मोजतात. तीन ठिपके म्हणजे त्या भागाच्या तीन प्रती. इतकंच. तिसरी प्रत सुटी आहे की दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेली, हे ठिपक्यांवरून कळत नाही. बाळाच्या उपचारात त्याने फरक पडत नाही. पण तुमच्या बहिणीच्या पुढच्या बाळासाठी आणि तुमच्यासाठी सगळा फरक तिथेच आहे.

रिपोर्ट तीनपैकी एका प्रकारचा येईल.

“४७,एक्सवाय,+२१” असेल तर सुटी ट्रायसोमी. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये हेच असतं. अशा वेळी आईवडिलांची कॅरिओटाइप करण्याची गरज नसते, मामा-मावशी-काकांची तर नाहीच.

“४६” आकडा आणि पुढे “डेर” असेल तर स्थानांतरण. साधारण ३ ते ४ टक्के. संख्या ४६ म्हणून नॉर्मल वाटते, पण त्यातलं एक गुणसूत्र जोडलेलं असतं. “४६ आहे, म्हणजे रिपोर्ट चांगला आलाय” असा गैरसमज घरोघरी होतो, म्हणून आधीच सांगते. इथे आईवडील दोघांचीही तपासणी हवीच.

“मॉस” असा शब्द आणि चौकोनी कंसात दोन आकडे असतील तर मोझेक. काही पेशींत ४७, काहींत ४६. एक-दोन टक्के. या आकड्यांवरून मुलाची बुद्धी किती असेल याचा हिशेब कुणी मांडून देत असेल तर ऐकू नका. रक्तातलं प्रमाण मेंदूतही तेच असतं असं नाही.

आता सॅम्पल. इथेच जास्त गोंधळ होतो. फिशला फक्त केंद्रक पुरतं, कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, कारण आम्ही त्यांना वाढवतो. रक्त सोडियम हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं, तिचं झाकण हिरवं असतं. मात्र लिथियम हेपॅरिनच्या नळीचं झाकणही हिरवंच असतं, म्हणून नुसता रंग बघू नका, लेबल वाचा. जांभळ्या झाकणाची नळी ईडीटीएची. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) ती बरोबर, पण पेशींच्या वाढीला ईडीटीए मारक. तान्ह्या बाळाचं १ ते २ मिली पुरतं. भरल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली की पेशी फुटतात, अजिबात नाही हलवली तर गुठळी होते. दोन्हीत कल्चर फसतं.

फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, बर्फाला थेट टेकवायचं नाही. उलट मे महिन्यात देवास-इंदूरच्या उन्हात कुरियरच्या डब्यात तासन्‌तास पडलं तरी पेशी मरतात. साध्या खोलीच्या तापमानाला, थर्मोकोलच्या डब्यात, लॅबला शक्यतो २४ तासांत आणि फार तर ४८ तासांत पोचेल असं पाठवा. इंदूरची बरीच कलेक्शन सेंटरं नमुना मुंबईला किंवा दिल्लीला पाठवतात, म्हणून सोमवार ते गुरुवारच द्या. शनिवारी दिलेलं रक्त रविवारभर कुठेतरी पडून राहतं.

लॅबमध्ये पांढऱ्या पेशींना वाढीचं औषध देऊन ७२ तास ३७ अंशांवर ठेवतात. मग विभाजन मधेच थांबवतात, कारण गुणसूत्रं फक्त त्या क्षणाला सुटी-सुटी दिसतात. पेशी फुगवून, काचपट्टीवर टाकून, रंगवून किमान २० पेशींतली गुणसूत्रं मोजतात. मोझेकचा संशय असेल तर ३० किंवा जास्त. ३० पेशी एकसारख्या निघाल्या तर १० टक्के किंवा त्याहून जास्त मोझेक नाही असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात ते यामुळे.

बाळाला कावीळ किंवा दुसऱ्या कशासाठी बाहेरचं रक्त दिलं असेल तर फॉर्मवर तारीख लिहा. आणखी एक, फिशवाल्या लॅबला फोन करून विचारा की पेशी कल्चर केल्या होत्या का. केल्या असतील तर उरलेला साठा बऱ्याचदा ठेवलेला असतो आणि त्यावरच कॅरिओटाइप होऊ शकते. मग पुन्हा सुई टोचायची गरज नाही. कल्चर न करता थेट फिश केली असेल तर नवं रक्त लागेल.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मायक्रोअॅरे करा, ती आधुनिक आहे. आहे, पण जोडलेलं गुणसूत्र तिला दिसत नाही. ती फक्त जास्त-कमी सांगते. या प्रश्नासाठी जुनी कॅरिओटाइपच सरस.


मांडवगड

वर सगळं नीट आलं आहे. मी जनुकीय समुपदेशन करतो, तेव्हा “२७ व्या वर्षी कसं?” आणि ग्रहण, या दोन गोष्टी घेतो.

वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं. पंचविशीत साधारण १२५० जन्मांत एक, तिशीत ९०० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. पण शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे. बाळंतपणं जास्त होतात ती तरुण बायकांची, त्यामुळे डाऊन सिंड्रोमची निम्म्याहून जास्त बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. तुमची बहीण अपवाद नाही.

सुट्या ट्रायसोमीत होतं ते असं. बीजांड तयार होताना आईच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या सुटून प्रत्येकीतलं एकच पुढे जायला हवं. २१ ची जोडी सुटली नाही तर बीजांडात दोन २१ जातात, वडिलांकडून एक येतं, बाळात तीन होतात. सुमारे ९० टक्के वेळा ही चूक बीजांडात होते, उरलेल्यांपैकी बहुतेक शुक्रपेशीत. बीजांडात जास्त का? कारण या विभाजनाची सुरुवात मुलगी स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच होते, मग ते मधेच थांबतं आणि पाळी सुरू झाल्यावर महिन्याला एखादं बीजांड पुढे सरकतं. म्हणजे २७ व्या वर्षीचं बीजांड २७ वर्षांहून थोडं जुनंच असतं. इतका काळ जोडीला धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात. शिवाय काही जोड्यांची पकड सुरुवातीपासूनच नीट जमलेली नसते, म्हणून तरुण वयातही हे घडतं.

आता सासूबाईंना सांगायचं ते इतकंच. ग्रहण पाळतात ते पोट राहिल्यावर. तिसरं २१ बाळात आलं ते गर्भ राहिला त्याच क्षणी, बीजांडाबरोबर. गरोदरपणात तिने काय खाल्लं, काय चिरलं, कुठे गेली, किती काम केलं, यातली कुठलीच गोष्ट मागे जाऊन बीजांडातलं गुणसूत्र बदलू शकत नाही. हे डॉक्टरांकडून, नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या समोर, मोठ्याने सांगितलं जायला हवं. फॉलोअपला दोघांनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधी फोन करून तशी विनंती करा. बहिणीला एकटीला समजावून काही होत नाही, कारण तिला रोज ऐकवणारी माणसं खोलीबाहेर असतात.

थोडा इतिहास, कारण घरात “हे आजकालचं” असंही म्हणतात. इंग्रज डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी या मुलांचं वर्णन १८६६ मध्ये केलं. माणसात ४६ गुणसूत्रं असतात हेच पक्कं कळलं १९५६ मध्ये, आणि १९५९ मध्ये पॅरिसच्या लजून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी या मुलांत ४७ वं दाखवलं. स्थिती जुनी आहे, मोजायची सोय नवी.

सुटी ट्रायसोमी निघाली तर पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यता साधारण १ टक्का धरतात. आईचं वय वाढून वयाची शक्यता त्याहून जास्त झाली तर ती धरायची. आणि तुमच्या बाबतीत? तसं निघालं तर तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला वेगळी काहीही तपासणी नको, बाकी सगळ्यांना असते तेवढीच.


शिप्राकाठ

बालरोगतज्ज्ञ आहे. गुणसूत्रांचा रिपोर्ट तीन आठवडे थांबू शकतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) थांबू शकत नाही.

आवाज नाही म्हणून हृदय ठीक, हे या बाळांत धरून चालत नाही. डाऊन सिंड्रोमच्या ४० ते ५० टक्के बाळांना हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातला खास या बाळांत दिसणारा दोष म्हणजे मधल्या पडद्यात वर-खाली मिळून मोठं भोक, एव्हीएसडी. पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांतला दाब जन्मापूर्वीसारखाच जास्त असतो. दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा, म्हणून भोकातून रक्त जोरात जात नाही आणि आवाजही येत नाही. नेमकं भोक जितकं मोठं तितका आवाज कमी. नंतर फुप्फुसांवर जास्त रक्ताचा मारा सुरू होतो आणि या मुलांत तिथल्या रक्तवाहिन्या लवकर कडक होतात. एव्हीएसडीची शस्त्रक्रिया म्हणूनच सहसा पहिल्या सहा महिन्यांत करतात. उशीर झाला तर काही मुलांत ती करताच येत नाही. या आठवड्यात इको करा, लहान मुलांचं इको करणाऱ्याकडूनच. मोठ्यांचं इको करणाऱ्याच्या नजरेतून तान्ह्या बाळातले काही दोष सुटतात.

तोवर घरी लक्ष ठेवा. दूध पिताना कपाळाला घाम, दोन घोट पिऊन धापा टाकणं, एका वेळेला अर्ध्या तासाहून जास्त लागणं, शांत झोपेत मिनिटाला ६० च्या वर श्वास, दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी वजनवाढ. यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता दाखवा. ओठ-जीभ निळी पडली तर त्याच क्षणी.

रक्ताच्या दोन तपासण्या. थायरॉइडसाठी टीएसएच आणि टी४, जन्मानंतर झाली नसेल तर आत्ता, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. एकदा नॉर्मल आली म्हणून सोडू नका, या मुलांत ती नंतरही बिघडते, आणि सुस्ती, बद्धकोष्ठ, कमी वाढ “डाऊनमुळेच” म्हणून अंगावर काढली जाते. दुसरी सीबीसी, स्लाइड डोळ्यांनी बघून. सुमारे दहातल्या एका बाळाच्या रक्तात जन्मतः अपरिपक्व पेशी दिसतात. बहुतेकांत पहिल्या काही महिन्यांत त्या आपोआप जातात, पण थोड्यांना पुढे चार वर्षांच्या आत ल्युकेमिया होतो. म्हणून आजचा रिपोर्ट जपून ठेवा.

कान: ऐकण्याची तपासणी (ओएई किंवा बेरा) आत्ता, पुन्हा सहा महिन्यांनी. कानाची नळी अरुंद असते, आत पाणी साचतं आणि बोलणं उशिरा येतं. पुष्कळदा बोलणं न येण्यामागे बुद्धीइतकंच न ऐकू येणं असतं. डोळे: मोतीबिंदूसाठी आत्ता डॉक्टरांनी ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्यात बघायच्या उपकरणाने) बाहुलीतून परत येणारा लाल प्रकाश बघायचा आणि सहा महिन्यांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हिरवी उलटी झाली, पोट फुगलं, किंवा पहिली शी ४८ तासांनंतर झाली होती, तर आतड्यांची तपासणी. घरी गहू रोजचा, तेव्हा वरचं अन्न सुरू झाल्यावर जुलाब, पोट फुगणं, वाढ खुंटणं दिसलं तर सीलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी. ती गहू चालू असतानाच करायची. आधी गहू बंद केला तर तपासणी खोटी नॉर्मल येते.

दूध. आईचं दूध या बाळांना येतं आणि पुरतं, फक्त ओढायची ताकद कमी असते. बाळाला थोडं उभट धरा, त्याची हनुवटी आईच्या अंगठ्या आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकवा, उरलेली तीन बोटं स्तनाखाली. जबडा आधाराने स्थिर झाला की ओढणं जमतं. ही बाळं भुकेने रडत नाहीत, झोपून राहतात. म्हणून दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. शेवटी थोडं दूध पिळून वाटी-चमच्याने.

मालिश! हे जोर देऊन सांगतो. सुईण मावशी बाळाचे पाय धरून उलटं लटकवतात, मान फिरवतात, हातपाय ओलांडून ताणतात. या बाळाला ते अजिबात करू द्यायचं नाही. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असतात, झटक्याने पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. हलक्या हाताने तेल लावणं चालेल. मानेचा एक्स-रे आत्ता काढू नका. हाडं पुरेशी बनलेली नसतात, काही कळत नाही. पुढे चालण्यात फरक, मान वाकडी, हातापायांत कमजोरी किंवा लघवी-शीवरचा ताबा गेला, तर लगेच.

पाय बेडकासारखे बाहेर पडत असतील तर झोपेव्यतिरिक्त, जागेपणी तुमच्या नजरेसमोर, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूंना सुती कापडाच्या गुंडाळ्या ठेवा. जागं असताना दिवसातून बऱ्याच वेळा दोन-तीन मिनिटं पालथं. फिजिओथेरपी महिना-दीड महिन्यातच सुरू करा, चालायला उशीर होतोय का याची वाट बघू नका. ही मुलं सरासरी दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही एक वर्षाला, काही चार वर्षांना. लसी सगळ्या वेळेवर, न्यूमोकोकल आणि सहा महिन्यांनंतर फ्लूचीही.

स्टेम सेलची इंजेक्शनं, “मेंदूची वाढ” करणाऱ्या व्हिटॅमिनच्या पुड्या, हे कुणी ना कुणी सुचवेलच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा स्थितीत स्टेम सेल मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. प्रत्येक पेशीतलं जादा गुणसूत्र कुठलंही इंजेक्शन काढून टाकत नाही. तो पैसा थेरपीला आणि ऐकण्याच्या तपासणीला लावा.


राजेंद्रनगरकर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. इको लगेच केलं, आवाज नसतानाही व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात भोक, निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध आणि दर महिन्याला बघू. कॅरिओटाइपला नवं रक्त दिलं. सरकारी मदत, प्रमाणपत्र यांचं आत्ताच काही करायचं का?


नर्मदाकाठ

थोडक्यात. जवळच्या सरकारी दवाखान्यातून आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) चिठ्ठी घ्या. २०१३ पासूनच्या या योजनेच्या ३० आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे, हृदयाचे जन्मजात दोषही. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी फुकट मिळते आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही यातून होऊ शकतो. म्हणून खासगीत पैसे भरण्याआधी तिथे जा, भरल्यावर परतावा मागणं कठीण.

बाळाचा जन्मदाखला, मग आधार आणि मध्य प्रदेशात लागतोच तो समग्र आयडी, या क्रमाने करा. नावाचं स्पेलिंग तिन्हींत एकच असू द्या. इथे चूक झाली की पुढे प्रत्येक खिडकीवर परत पाठवतात. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. बौद्धिक दिव्यांगतेचं प्रमाणपत्र सहसा बाळाला एक वर्ष पूर्ण झाल्यावरच देतात, पाच वर्षांपर्यंत ते तात्पुरतं असतं, नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. वैद्यकीय बोर्डाकडे जाताना कॅरिओटाइपची मूळ प्रत न्या. प्रमाणपत्र आलं की नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना घ्या, १ लाखापर्यंत, आणि त्यात आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. थेरपीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.


राजेंद्रनगरकर (इंदूर)

रिपोर्ट आला. लिहिलंय: “४६,एक्सवाय,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१”. आईवडिलांची तपासणी सांगितली होती, तीही झाली. भाऊजी नॉर्मल. बहिणीचं “४५,एक्सएक्स,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०)”. ४५ बघून ती घाबरली आहे. तिला काही आजार आहे का? आणि आता माझं काय?


पाताळपाणी

बहिणीला आजार नाही. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांची वरची बाजू अगदी तोकडी असते आणि तिच्यातले आवश्यक जीन बाकीच्या अशाच गुणसूत्रांवरही असतात. बहिणीच्या एका १४ चा आणि एका २१ चा लांब भाग एकमेकांना चिकटला आहे, जणू दोन माळा एका गाठीत. तोकडे भाग गळाले, त्याने काही बिघडत नाही. मोजताना दोनाचं एक झालं म्हणून ४५. जीन सगळे जागेवर. असे वाहक साधारण हजारात एक असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही.

बाळात ही जोडलेली जोडी, शिवाय दोन सुटी २१. मोजणी ४६, पण २१ चा मजकूर तिप्पट.


मांडवगड

तर आता हिशेब बदलला. वर मी १ टक्का लिहिलं होतं ते सुट्या ट्रायसोमीसाठी होतं, इथे लावायचं नाही.

जोडलेलं १४-२१, सुटं १४ आणि सुटं २१, या तिघांची वाटणी सहा प्रकारे होऊ शकते. तीन प्रकारांत गर्भ टिकत नाही, लवकर पडतो. उरलेले तीन: पूर्ण नॉर्मल, बहिणीसारखा वाहक, आणि डाऊन सिंड्रोम. कागदावर तीनात एक वाटतं, पण प्रत्यक्षात आई वाहक असताना डाऊन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता १० ते १५ टक्के दिसते. वडील वाहक असते तर १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी. म्हणजे पुढच्या खेपेला निरोगी बाळाची शक्यता मोठीच आहे. फक्त आईला वारंवार गर्भपात होऊ शकतात, आणि तसे झाले तर त्याचंही कारण हेच असेल.

पुढच्या गरोदरपणात पर्याय असे. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासणी, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल. दोन्हीत लगेच क्यूएफ-पीसीआर (काही गुणसूत्रांच्या प्रती झटपट मोजणारी तपासणी) आणि सोबत कॅरिओटाइप. एनआयपीटी १० आठवड्यांनंतर आईच्या रक्तावर होते, ती २१ चा जादा मजकूर पकडते, पण चाळणीच आहे, निदान नाही. इतकी शक्यता असताना बरीच जोडपी थेट निदानाची तपासणी घेतात. गर्भ वाहक निघाला तर १४ ची दोन्ही रूपं एकाच पालकाकडून आली आहेत का, हीसुद्धा तपासणी विचारा. शक्यता थोडी असते, पण ही तपासणी सांगायची राहून जाते. केंद्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेलं हवं, फॉर्म जीवर संमती लागते आणि लिंग सांगत नाहीत. आयव्हीएफमध्ये गर्भ रोपण्याआधी तपासण्याचाही मार्ग आहे. तपासणी करायची की नाही आणि निकालानंतर काय, हा निर्णय बहीण आणि भाऊजींचा. घरातल्या बाकीच्यांनी त्यात पडू नये.

एक गोष्ट बहिणीला नक्की सांगा. ही जोडणी तिच्या जन्मापासून तिच्या अंगात आहे. ग्रहणाचा विषय इथे पूर्ण संपतो. आणि “दोष हिच्याकडचा” असं आता नव्याने सुरू होऊ शकतं, तेव्हा रिपोर्ट सासरी दाखवताना डॉक्टरांसमोरच दाखवा.

तुमचं. बहिणीत ही जोडणी नव्याने झाली असेल किंवा तुमच्या आई-बाबांपैकी एकाकडून आली असेल. एकाकडून आली असेल तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता जवळपास निम्मी. म्हणून तुमची कॅरिओटाइप हवी, पत्नीची नको. नॉर्मल आली तर विषय संपला, तुमच्या मुलांना यातून काही नाही. वाहक निघालात तर वर लिहिलेली १ टक्क्याच्या आसपासची शक्यता, आणि पत्नीला गरोदरपणात तपासणीचा पर्याय. मूल व्हायला उशीर लागला तर वीर्यतपासणीही करून घ्या, काही वाहक पुरुषांत शुक्रपेशी कमी असतात.


राजेंद्रनगरकर (इंदूर)

उद्याच देतो. आईला दोन गर्भपात झाले होते असं आज कळलं, माझ्या आणि बहिणीच्या मध्ये. तिचीही करायची का? आणि एक मावशी ग्वाल्हेरला आहे, तिची मुलगी सध्या चार महिन्यांची गरोदर आहे.


मांडवगड

हो, आईची करा, आणि तुमच्या रक्ताबरोबर एकाच दिवशी. गर्भपात इतर कारणांनीही होतात, पण इथे आधी तिच्याकडेच बघायला हवं. आई नॉर्मल निघाली तर बाबांची, आणि मग मावशीच्या बाजूचा प्रश्न उरत नाही.

पण मावसबहिणीला आईच्या रिपोर्टसाठी तीन आठवडे थांबवू नका. चार महिने म्हणजे सोळावा-सतरावा आठवडा, वेळ थोडा आहे. आज मावशीला फोन करा आणि बहिणीच्या रिपोर्टचा फोटो, बहिणीला विचारून, पाठवा. मावसबहिणीने तो घेऊन या आठवड्यातच ग्वाल्हेरच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटावं, स्वतःची कॅरिओटाइप द्यावी, आणि आधीची चाळणी किंवा सोनोग्राफी काय सांगते ते दाखवावं. ती वाहक असेल अशी शक्यता कागदावर चौथ्या हिश्श्याच्या आत आहे, ती फोनवर घाबरेल तेव्हा हा आकडा सांगा.


पाताळपाणी

तिघांच्याही फॉर्मवर “कुटुंबात डेर(१४;२१), वाहक तपासणी” असं स्पष्ट लिहा आणि बहिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा. मावसबहिणीच्या फॉर्मवर गरोदरपणाचे आठवडेही लिहा, असे नमुने लॅब आधी घेते. निकाल तोंडी विचारून भागवू नका, सहीचा रिपोर्ट मागा. पुढे तुमच्या मुलांनाही तो लागेल.